वाढत्या वयाचे गुरुजी

मैत्रिणींनो, घरात मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं, की आईपुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो. कालपर्यंत कुशीत शिरून राजाराणीच्या गोष्टी ऐकणारं लेकरू आज दार लोटून बसतं. चिऊकाऊच्या पुस्तकांना ते हसतं, मोठ्यांच्या कादंबऱ्या त्याला अजून पेलत नाहीत. मग हातात येतो तो मोबाईल. आपण ओरडतो, ते रुसतं. चंद्रपूर असो की मूल, वडसा असो की अहेरी, ही तक्रार घरोघरी सारखीच आहे. वाच म्हणणं सोपं आहे हो, पण काय वाच, हे कोण सांगणार?

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका वसतिगृहात एक तरुण शिक्षक याच प्रश्नाने झोपत नव्हता. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखलं. गुरुजी म्हटलं की आपल्याला आठवते ती 'श्यामची आई' आणि डोळ्यांना लागलेला पदर. पण त्यांचं आयुष्य नुसतं डोळे पुसण्यासारखं नाही. या अडनिड्या वयाच्या मुलामुलींसाठी मराठीत इतकं जीव ओतून लिहिणारी माणसं थोडी. म्हणून आज त्यांची गोष्ट, एका आईच्या नजरेतून.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. दापोलीजवळचं हे गाव तेव्हाच्या आणि आताच्याही रत्नागिरी जिल्ह्यातलं. घराणं खोताचं, पण वैभव उतरणीला लागलेलं. कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि सावकाराचा तगादा यांत घर खचत गेलं. वडील सदाशिवराव मानी स्वभावाचे. आई यशोदाबाई माहेरी सुखात वाढलेल्या, पण सासरची गरिबी त्यांनी निमूट अंगावर घेतली. पंढरी हा हट्टी, भित्रा आणि अतिशय हळवा मुलगा. कोणी टाकून बोललं तर दिवसभर मनात धरून बसायचा. आपल्या घरातही असं एखादं लेकरू असतं ना? त्याचं पुढे कसं होईल, या काळजीने आपली झोप उडते. यशोदाबाईंचीही उडाली असेल.

पंढरीचं इंग्रजी शिक्षण दापोलीला सुरू झालं. पुढे घरी पैसे उरले नाहीत, तेव्हा तो औंध संस्थानात शिकायला गेला. गरीब मुलांना तिथे शिकणं परवडत होतं. वय जेमतेम सोळा-सतरा. परक्या गावात हाताने रांधून खायचं, कधी अर्धपोटीच झोपायचं, आणि पत्रात मात्र सगळं ठीक आहे असं लिहायचं. शहरात खोली करून शिकणारी आपली मुलं आजही हेच करतात, नाही का? त्यानंतर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून तो मॅट्रिकला बसला. याच काळात, १९१७ मध्ये, आई गेली. शेवटची भेट झाली नाही. ही सल गुरुजींनी आयुष्यभर उराशी बाळगली. त्यांच्या हातून जे जे लिहून झालं, त्याच्या तळाशी हीच न झालेली भेट आहे.

मॅट्रिकनंतर पुण्याच्या कॉलेजात ते बी. ए. झाले. मग तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी खानदेशातल्या अमळनेरला आले, एम. ए. झाले, आणि १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत शिक्षक म्हणून लागले. पुढे हीच शाळा प्रताप हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. शाळेबरोबरच वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. इथेच साने मास्तरांचे गुरुजी झाले.

वसतिगृह म्हणजे काय, हे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायकांना सांगायला नको. किती आयांची लेकरं आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकतात! घराच्या आठवणीने रात्री उशी ओली होते, आणि सकाळी अंथरूण न घडी करताच पोरं पळतात. गुरुजींच्या वसतिगृहातही तसंच होतं. त्यांनी छडी उचलली नाही. मुलं शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडायचे, अंथरुणं नीट लावायचे, मळके कपडे धुवून टाकायचे. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली, मग लाज वाटली, मग एकेकजण आपली खोली आपण झाडू लागला. बोलून जे झालं नसतं, ते करून झालं.

आता वाचनाचं ऐका. त्या मुलांना वाचायला काय द्यावं? बाजारात त्यांच्या वयाजोगं फारसं काही नव्हतं. मग गुरुजींनी स्वतःच लिहायला घेतलं. 'छात्रालय' नावाचं एक हस्तलिखित दैनिक त्यांनी सुरू केलं. रोज रात्री मुलं झोपली की कंदिलाच्या उजेडात ते लिहायला बसत. त्यात जगातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रं असत, एखादी कविता, एखादी गोष्ट, आणि वसतिगृहात काल काय घडलं त्याचीही गोड कानउघाडणी असे. सकाळी मुलं उठली की ताजा अंक तयार! पुढे 'विद्यार्थी' नावाचं छापील मासिकही त्यांनी काढलं. रोजच्या नोकरीचं ओझं सांभाळून एक माणूस पन्नास-शंभर पोरांसाठी रोज हाताने वर्तमानपत्र लिहितो, ही गोष्ट मला 'श्यामची आई'इतकीच मोठी वाटते.

यात आपल्यासाठी एक साधी युक्ती आहे, पाहा. एकदम तीनशे पानांचं पुस्तक हातात दिलं तर मूल घाबरतं. रोजचा एक कागद दिला तर वाचून मोकळं होतं, आणि उद्याच्या कागदाची वाट पाहतं. वर्तमानपत्रातलं एखादं चांगलं कात्रण फ्रीजवर चिकटवून ठेवा, एखादी छोटी गोष्ट त्याच्या डब्याशेजारी ठेवा. वाच असं म्हणू नका. नुसतं ठेवा.

तुरुंगातली पाच रात्रं

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मुलांना देशप्रेम शिकवायचं आणि आपण मात्र पगार घेत बसायचं, हे गुरुजींना पटेना. सहा वर्षांची नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. धुळ्याचा तुरुंग, मग पार दक्षिणेतला त्रिचनापल्लीचा तुरुंग. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतले राजबंदी एकत्र होते. एकमेकांची भाषा कळत नाही म्हणून शेजारशेजारी असूनही माणसं परकी राहतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. ते तमीळ शिकले. तमिळांचा प्राचीन ग्रंथ 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. देशातल्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची गाणी-गोष्टी वाचाव्यात, हे 'आंतरभारती'चं स्वप्न त्यांनी पुढे मांडलं, त्याचं बी इथलं.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं गुरुजींनी भराभर लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज घराघरात आहे, ते गुरुजींच्या त्या वेगवान हातामुळे.

आणि मग आला १९३३ चा फेब्रुवारी. नाशिकच्या तुरुंगात दिवसभराची कामं उरकली की गुरुजी रात्री लिहायला बसत. ९ फेब्रुवारीला सुरुवात केली आणि १३ तारखेच्या पहाटे लिहून संपवलं. अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' तयार झाली! १९३५ मध्ये ती छापून आली. तेव्हापासून आजवर तिच्या किती आवृत्त्या निघाल्या, किती भाषांत ती गेली! १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी तिच्यावर सिनेमा काढला. त्यात वनमाला आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा ते पहिलं पदक १९५४ मध्ये याच सिनेमाला मिळालं. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा 'श्यामची आई' पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगात.

आता एक मनातली गोष्ट बोलूया. आपल्यापैकी बऱ्याच जणींना या पुस्तकाचा जरा धाकच वाटतो. आई म्हणजे श्यामच्या आईसारखी, असं उठता बसता ऐकवलं जातं. आपण नोकरी करतो, थकतो, चिडतो, कधी एखादी चापटही मारतो. मग वाटतं, आपण कसल्या आई! आणि मुलांनाही वाटतं, हे रडकं पुस्तक आपल्या डोक्यावर का मारता?

पण मैत्रिणींनो, पुस्तक पुन्हा उघडून बघा. ती आई काही देवाची मूर्ती नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. पत्रावळ लावायचा कंटाळा करणाऱ्या श्यामला त्या घरात कोणी लाड करून सोडत नाही. आपल्याकडे पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणाऱ्या आज्या अजून आहेत, त्यांना ते प्रकरण वाचून दाखवा, बघा कशा खुलतात! एका प्रकरणात श्याम चोरी करतो. कशासाठी? पुस्तक घ्यायला पैसे नाहीत म्हणून. शिकून मोठं व्हायचं आहे आणि खिशात काही नाही, अशा मुलाच्या हातून घडलेली ती चूक आणि तिच्याशी आई कशी वागली, हे चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला आतून हलवेल. आणि 'अर्धनारी नटेश्वर' नावाचं एक प्रकरण तर प्रत्येक आईने आपल्या मुलाला मुद्दाम वाचायला द्यावं. घरातल्या कामाला मुलाने हात लावला तर त्याचं काही कमी होत नाही, उलट तो पुरा माणूस होतो, हे गुरुजींनी नव्वद वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

सगळं पुस्तक एका बैठकीत वाचायला लावू नका. रात्र पहिली, रात्र दुसरी अशी त्याची ४२ प्रकरणं आहेत. एका रात्री एक. तुम्हीच वाचून दाखवलंत तर आणखी छान. मूल मोठं झालं म्हणून त्याला वाचून दाखवायचं बंद करावं, असं थोडंच आहे?

आईच्या एक पाऊल पुढे

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या दलित बाईची लाकडाची मोळी खाली पडते. तिला हात लावायला कोणी तयार नसतं. श्यामची आई त्याला मोळी उचलून द्यायला पाठवते. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईने हे करणं सोपं नव्हतं. पण शिवाशिवीचे नियम तिने पुरते मोडले नाहीत, हेही खरं. तिला जेवढं जमलं तेवढं तिने केलं.

लेक पुढे गेला. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलं होतं, तरी पंढरपूरच्या विठोबाचं दार दलितांना बंद होतं. विठोबा सगळ्यांची माऊली आणि तिच्याच दारात काही लेकरांना मज्जाव! गुरुजींना हे सहन झालं नाही. कित्येक महिने ते महाराष्ट्रभर फिरले, गावोगाव सभा घेतल्या. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलंमुली गाणी म्हणत त्यांच्याबरोबर होती. अनेक गावांतल्या विहिरी आणि देवळं सर्वांना खुली झाली. पंढरपूर मात्र हटेना. अखेर १ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस अन्न घेतलं नाही. १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं, तेव्हा त्यांनी उपोषण सोडलं. आज वारीला जाणारी कुठल्याही जातीची बाई विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवते, त्यात त्या दहा दिवसांचा वाटा आहे.

आपल्या मुलांना हा भाग जरूर सांगा. आईवडिलांनी जेवढं शिकवलं त्याच्यापुढे एक पाऊल टाकायचं, याला काही आईला विसरणं म्हणत नाहीत. उलट आईचं शिकवणं तिथेच फळाला येतं.

मधल्या काळात १९४२ चं आंदोलन झालं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरने त्या १६ ऑगस्टला काय सोसलं, हे आपल्या घरातल्या थोरामोठ्यांना ठाऊक आहे. त्याच आंदोलनात गुरुजी भूमिगत राहून गावोगाव फिरत होते. पुढे पकडले गेले, पुन्हा तुरुंग. आणि प्रत्येक तुरुंगात त्यांचं लिहिणं चालूच.

किती लिहिलं त्यांनी! 'धडपडणारी मुले' ही कादंबरी तर नावापासूनच या वयाची. काहीतरी करून दाखवायचंय, पण वाट सापडत नाही, अशी ती मुलं. फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांची एक अवाढव्य कादंबरी आहे, पावाच्या तुकड्यासाठी चोरी करून वर्षानुवर्षं तुरुंगात पिचलेल्या माणसाची. ती मुलांना झेपावी म्हणून गुरुजींनी 'दुःखी' या नावाने सोप्या मराठीत सांगितली. जॉर्ज एलियट या इंग्लंडमधल्या लेखिकेची एक कादंबरी त्यांनी 'मनूबाबा' करून आणली. एकट्या, चिडक्या, पैशाला जपणाऱ्या विणकराच्या घरात एक अनाथ पोर येते आणि त्याचं आयुष्य बदलतं, अशी ती गोष्ट. नावं, गावं, सण-वार सगळं आपल्याकडचं केलेलं. ज्या मुलाला इंग्रजी येत नाही, ज्याच्या गावात मोठं ग्रंथालय नाही, त्यालाही जगातली उत्तम गोष्ट मिळाली पाहिजे, ही त्यांची तळमळ. ईश्वरचंद्र विद्यासागर, नामदार गोखले अशा थोरांची चरित्रंही त्यांनी मुलांसाठी लिहिली.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं, आणि दिवाळीला मुलांसाठी 'बालकुमार' आणि तरुणांसाठी 'युवा' असे वेगळे अंक काढतं. याच 'साधना'तून गुरुजी आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रं लिहीत. 'सुंदर पत्रे' या नावाने ती पुस्तकरूपात आली. मला विचाराल तर मुलीच्या हातात गुरुजींचं पहिलं पुस्तक कोणतं द्यावं, तर हे. त्यात उपदेश कमी आणि कुतूहल जास्त आहे. कुठे पाऊस कसा आला, कुठलं फूल फुललं, पक्षी कसा बोलला, दूरच्या देशात काय चाललंय, कुठलं पुस्तक वाचलं, कोण थोर माणूस गेला, असं सगळं एका वाढत्या वयाच्या मुलीला मैत्रिणीसारखं सांगितलेलं. तिला लहान समजून नाही, मोठ्यांच्या बरोबरीने बसवून. घरातली मुलगी म्हणजे स्वयंपाकाला हाताशी, असं समजण्याच्या काळात एक काका पुतणीला सारं जग पत्रातून पाठवत होता.

आता गुरुजींच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. ती टाळून चालणार नाही. गांधीजींच्या हत्येने ते मुळापासून हादरले. महाराष्ट्राच्या माणसाने हे केलं, याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. ज्या स्वातंत्र्यासाठी तारुण्य दिलं, ते आल्यावर गरिबांचे हाल आणि माणसांतली भांडणं संपली नाहीत, हे पाहून ते आतून खचत गेले. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. वय अवघं पन्नास.

हे वाचून मुलं विचारतात, इतरांना जगायला शिकवणारा माणूस असा का गेला? पुष्कळदा आपण विषय बदलतो. बदलू नये, असं मला वाटतं. अतिशय हळव्या मनाचा माणूस दुसऱ्याचं दुःख पेलता पेलता स्वतः एकटा पडू शकतो. ते आजारपण असतं, त्याला दुबळेपणा म्हणू नये, आणि त्याचा मोठेपणाही गाऊ नये. गुरुजींभोवती माया करणारी हजारो माणसं होती, तरी त्या दिवसात त्यांचं मन कोणापाशी मोकळं झालं नाही. आज आपल्याला या दुखण्याची ओळख आहे, त्यावर उपचार आहेत. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मिळते. घरातलं हळवं मूल गप्प गप्प राहू लागलं तर त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा, डॉक्टरांकडे न्या. 'श्यामची आई' वाचून मूल रडलं तर हसू नका. पण रडून झाल्यावर त्याच्याशी बोला मात्र नक्की.

आपल्या जंगलातली आंतरभारती

आपल्या भागाकडे बघा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण जंगल काही वेगळं झालं नाही. भामरागडला माडिया बोलतात, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली कुटुंबं, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि आपल्या वडसा-ब्रह्मपुरीकडची गोड झाडीबोली. गुरुजींना आंतरभारती स्वप्नात बघावी लागली, आपल्या लेकरांच्या तर वर्गातच ती बसलेली असते! शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आजीची एक गोष्ट ऐकून मराठीत लिहून काढ, असं आपल्या मुलीला सांगून बघा. 'छात्रालय'चा पहिला अंक असाच निघेल.

आणि या वयाला द्यायची पुस्तकं म्हणाल, तर आपल्या अंगणातलीच आधी. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याबरोबर काम करणारे विलास मनोहर यांचं 'नेगल' घ्या. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयातल्या बिबट्याची ती खरीखुरी कहाणी आहे. वाचायचा कंटाळा असलेला मुलगाही ती सोडत नाही. मग प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा'. थोडी गंमत, थोडी धावपळ हवी असेल तर भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. कोवळ्या मनाची मुलगी असेल तर प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', त्यातला लंपन तिचा मित्रच होईल. माळावरच्या शाळामास्तराची गोष्ट सांगणारी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आणि जपानी मुलीच्या शाळेची 'तोत्तोचान' ही दोन्ही विसरू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, अजूनही स्वस्त आणि मस्त आहे.

मुलगा नुसती चित्रंच बघतो, अशी तक्रार असेल तर तीही करू नका. चित्रांमधून सांगितलेल्या कादंबऱ्या आता जगभर मोठमोठी माणसं वाचतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं 'भीमायन' हे २०११ मध्ये इंग्रजीत आलेलं चित्रपुस्तक तर परधान गोंड कलाकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी आपल्या परंपरेच्या चित्रशैलीत रंगवलंय. मोर, मासे, झाडं, सगळी त्यांच्या हातची. जंगलातल्या भिंतीवरची कला पुस्तकात जाऊन जगभर पोचते, हे आपल्या गोंड मुलामुलींनी पाहायलाच हवं.

पैशाचं म्हणाल तर तीही अडचण फार नाही. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनाचा हक्क सर्वांचा होतो. त्यामुळे २०११ पासून गुरुजींची पुस्तकं कोणीही छापू शकतं, स्वस्त आवृत्त्या मिळतात आणि मोबाईलवरही फुकट वाचता येतात. म्हणजे ज्या मोबाईलला आपण शिव्या देतो, त्यातच 'सुंदर पत्रे' उघडून देता येतील! गावात शासनाच्या अनुदानावर चालणारं सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथे मुलांच्या नावाने वर्गणी भरा. वाचनालय नसेल तर भिशीतल्या चार मैत्रिणी मिळून दर महिन्याला एकेक पुस्तक घ्या आणि आळीपाळीने फिरवा. वर्षाकाठी बारा पुस्तकं झाली की नाही?

एक मात्र सांभाळा. पुस्तक देताना परीक्षेसारखं देऊ नका. काय शिकलास, बोध काय, असं लगेच विचारू नका. गुरुजी रात्री लिहून ठेवत आणि सकाळी मुलांना ते सापडे. पुढे वाचायचं की नाही, हे मुलांवर असे. आज धानाच्या शेतातून, तेंदूपत्त्याच्या फळीवरून, शाळेतून, ऑफिसातून थकून आलेल्या आईलाही एवढं जमण्यासारखं आहे. झोपण्याआधी लेकराच्या उशाशी एक पुस्तक ठेवायचं. बस्स, इतकंच.